चार हत्ती आणि एक एचपी

हत्तीचं पोट अर्धं कापून झालं आणि तिथेच बँडसॉ अडला. आधी तो कण्हला, मग त्याचा सूर खाली खाली जात राहिला, आणि शेवटी मोटर जागच्या जागी नुसतीच घूं करत राहिली. विजयमालाबाईंनी घाईने बटण बंद केलं. मोटरच्या तारांवरच्या तापलेल्या वार्निशाचा वास शेडभर पसरला होता. पातं चार इंच जाडीच्या आंब्याच्या लाकडात असं रुतून बसलं होतं, की ते सोडवायला पाऊण तास गेला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

विजयमालाबाईंनी चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना भजनी मंडळातून बोलावणं आलं, हास्यक्लबातूनही आलं. त्यांनी दोन्हीकडे एकेकदा हजेरी लावली, आणि मग सोसायटीतल्या एका इंजिनियरने परदेशी जाताना विकायला काढलेला छोटा बँडसॉ विकत घेतला. एकावर एक दोन चाकं, त्यांच्यावरून फिरणारं दातेरी पात्याचं कडं आणि मधे लाकूड सरकवायला टेबल, एवढंच ते यंत्र. मच्छिंद्ररावांनी बायकोचा हा नवा संसार मुकाट्याने मान्य केला. त्यांच्या वडिलांचं शेत होतं तिथे आता सात मजली इमारत उभी होती, पण बिल्डरने तळमजल्यावरच्या फ्लॅटबरोबर म्हशींची जुनी पत्र्याची शेड त्यांच्याकडे राहू दिली होती. ती शेड कर्वेनगरातली बहुधा एकमेव जागा असेल, जिथे लाकडाचा भुसा आणि मोगऱ्याचे वेल सुखाने एकत्र नांदत होते. भुसा बाईंचा, मोगरा मच्छिंद्ररावांचा.

आता हत्ती कशाला, तर कालव्याजवळच्या बागेसाठी. तिथे महापालिकेने काळ्यापांढऱ्या फरश्यांचा मोठा बुद्धिबळाचा पट केला होता आणि त्यावर गुडघ्याएवढी प्लॅस्टिकची मोहरी ठेवली होती. दोन उन्हाळ्यांत ती तडकून गेली. मग रोज संध्याकाळी जमणारी ज्येष्ठ मंडळी हाती लागेल त्याने खेळू लागली. पाण्याच्या बाटल्या म्हणजे प्यादी, छत्री म्हणजे वजीर, बाकी सगळ्या चपला. एकदा रंगात आलेला डाव अर्ध्यात सोडून एक गृहस्थ काळ्याचा उंट पायात घालून घरी निघून गेले. त्या दिवशी बाकावर बसलेल्या विजयमालाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मी लाकडाची करून देते.

मंडळींचे म्होरके गोपाळकृष्ण आगाशे हे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासल्यामुळे कोणत्याही चांगल्या बातमीकडे ते आधी चष्म्यावरून पाहत.

"कराल हो," ते म्हणाले. "पण प्याद्यांपासून सुरुवात करा. म्हणजे हत्तीपर्यंत पोचला नाहीत तरी निम्मा पट भरेल."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेच्या फलकावर खडूने लिहून टाकलं: 'पाडव्यापासून लाकडी मोहरी. चपला पायातच ठेवाव्यात.'

प्यादी झाली. राजे झाले, वजीर झाले. ही सगळी दोन इंची फळीतली. पण हत्ती, उंट आणि घोडे खरे दिसायला हवेत, सोंडेचे, कुबडाचे, आयाळीचे, असा बाईंचा हट्ट होता. त्यासाठी त्यांनी टिंबर मार्केटातून चार इंच जाडीचं लाकूड आणलं होतं, आणि तिथेच अर्ध्या एचपीच्या त्या मोटरने हात टेकले. पाडव्याला अठरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी बाई बस पकडून मंडईला उतरल्या आणि चालत बुधवार पेठेत गेल्या. पहिल्या दुकानात त्यांना विचारलं, मशीन कसलं, शिलाईचं का? दुसऱ्या दुकानात कोणी मान वर केली नाही. तिसरं दुकान कोपऱ्यावरचं, चकचकीत. तिथला माणूस अगदी गोड बोलला. मोटरचं काम जरा किचकट असतं, तुम्ही साहेबांनाच पाठवा ना, म्हणाला. बाईंच्या साहेबांना घरातला फ्यूज बदलायचा म्हटला तरी घाम फुटे. पण हे त्या परक्या माणसाला कुठे सांगत बसायचं? त्या बाहेर पडल्या. राग मात्र पायांत उतरला आणि पाय त्यांना मागच्या बोळात घेऊन गेले.

बोळात दोन पायऱ्या उतरून एक चिंचोळं दुकान होतं. दारावर 'शकील इलेक्ट्रिक वर्क्स, मोटर वाइंडिंग' अशी पुसट पाटी. आत साठीच्या आसपासची एक बाई डोक्यावर ओढणी घेऊन बसली होती. तिच्यासमोर उघडी पडलेली एक मोटर होती.

"मिस्त्री कुठे आहेत?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"जेवायला गेलेत," ती बाई म्हणाली.

विजयमालाबाई स्टुलावर बसून राहिल्या. घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते. समोरची बाई तांब्याची बारीक तार बोटांवरून सोडत होती, वेटोळं दाबून खाचेत बसवत होती, वरून कागदाची पट्टी सरकवत होती. तिचे ओठ हलत होते. वेढे मोजत असावी. एकदा ती थांबली, चार वेढे उलगडले आणि पुन्हा घातले. पोस्टात असताना हात बसलेलं काम कसं दिसतं हे विजयमालाबाईंनी खूप पाहिलं होतं. अर्धा तास गेला, मिस्त्री आले नाहीत, आणि हळूहळू बाईंच्या लक्षात आलं की मिस्त्री कुठेही गेलेले नाहीत. त्यांचे कान तापले. कोपऱ्यावरच्या माणसाचा राग घेऊन त्या इथे आल्या होत्या आणि आल्याआल्या त्यांनी त्याचंच वाक्य म्हटलं होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मिस्त्रींचं जेवण झालं असेल तर माझं काम सांगते."

त्या बाईने चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघितलं. चेहरा हलला नाही, पण हातातली तार खाली ठेवली.

"झालंय. बोला."

तिचं नाव अख्तरबानू. सासऱ्यांकडून वाइंडिंग शिकली होती. नवरा शकील गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा, काम तिचं असायचं, आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे. सहा वर्षांपूर्वी शकील गेला. त्यानंतर येणारा प्रत्येक जण मिस्त्रीला शोधू लागला. काही दिवस ती खरं सांगत राहिली आणि गिऱ्हाईक परत जात राहिलं. मग तिने मिस्त्रीला जेवायला पाठवून दिलं. हे सगळं तिने चार वाक्यांत सांगितलं, कामावरून नजर न काढता.

विजयमालाबाईंची अडचण ऐकून तिने तीन प्रश्न विचारले. चाकाचा व्यास किती, दोन्ही पुल्या केवढ्या, आणि मोटरच्या पट्टीवर काय काय लिहिलंय? बाईंना एकाचंही उत्तर देता येईना.

"मोजून या," अख्तरबानू म्हणाली आणि तार उचलली.

दुसऱ्या दिवशी बाई सगळं मोजून, कागदावर नीट लिहून घेऊन गेल्या. अख्तरबानूने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. तिचं म्हणणं असं, की मोटर एक एचपीची घ्या, पण तिचे फेरे आहेत तेवढेच राहायला हवेत, मिनिटाला चौदाशे चाळीस. तिने तो आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. तिच्याकडे एका बंद पडलेल्या छापखान्यातली तशी मोटर होती. आतली जुनी तार काढून ती नव्याने भरायची, वार्निश देऊन वाळवायची म्हणजे पाच दिवस लागणार होते.

पाच दिवस. पाडवा सोळा दिवसांवर, आणि चार हत्ती, चार उंट, चार घोडे अजून फळीतच. विजयमालाबाई हो म्हणून बाहेर पडल्या खऱ्या, पण कोपऱ्यावर त्या चकचकीत दुकानात एक नवी कोरी निळी मोटर काचेत ठेवलेली दिसली. अंगावर ठळक अक्षरांत '१ एचपी'. आत शिरताना त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक मोटर, आणि दुसरी म्हणजे त्या गोड बोलणाऱ्या माणसासमोर ती स्वतः विकत घेणं. दोन्ही मिळाल्या. रिक्षात मोटर मांडीशी धरून घरी येताना त्या फार खुशीत होत्या. पट्टीवरचा बारीक आकडा त्यांनी पाहिलाच नाही.

बसवण्यात दोन दिवस गेले. नवी मोटर अंगाने मोठी, जुन्या भोकांशी तिचं एकही भोक जुळेना. मच्छिंद्ररावांनी लोखंडी पट्टी आणून दिली, धरायला सांगितलं तिथे धरली आणि दोन वेळा बोट चेचून घेतलं. तरीही मोटर जुन्या जागी मावेना, तेव्हा बाईंनी ती तोंड फिरवून पलीकडच्या बाजूने बसवली. आपल्या हुशारीचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं जुळलं. मच्छिंद्रराव मोगऱ्याची फुलं तोडून टोपलीत ठेवत शेडच्या दाराशी उभे होते. बाईंनी एक उरलेला लाकडाचा तुकडा टेबलावर पात्याला टेकवून ठेवला आणि बटण दाबलं.

यंत्र किंचाळलं. शेडचे पत्रे थरथरले, भिंतीवरच्या पटाश्या खणखणल्या, आणि टेबलावरचा तुकडा खाली दबायच्या ऐवजी टुणकन वर उडाला. तो आढ्याला लागला आणि थेट मोगऱ्याच्या टोपलीत जाऊन पडला. त्याच क्षणी पातं चाकावरून निसटून आवरणात खडखडत अडकलं. बाईंनी बटण बंद केलं. घरातला दिवाही गेला होता.

मच्छिंद्ररावांनी टोपलीतला तुकडा उचलून उलटसुलट पाहिला.

"लागलं न्हाई ना कुठं?" त्यांनी विचारलं. लागलं नव्हतं. मग म्हणाले, "मोटर दमदार हाय. पण तिला हत्ती कापायचाय हे कुणी सांगितलेलं दिसत न्हाई."

बाईंना आधी हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. पण अख्तरबानूच्या दुकानाची आठवण झाल्यावर हसू मावळलं. एकदा तिच्यासमोर माफी मागून झाली होती. आता दुसऱ्यांदा काय तोंडाने जायचं? दुपारभर त्या शेडमध्ये उगीच भुसा झाडत राहिल्या. शेवटी मच्छिंद्ररावांनीच निळी मोटर सोडवून पिशवीत घातली, खांद्याला लावली आणि म्हणाले, चला, मीबी येतो.

अख्तरबानूने पिशवीतली मोटर बाहेर काढली, ओढणीच्या टोकाने पट्टी पुसली आणि आकडा वाचला. दोन हजार आठशे ऐंशी. बरोबर दुप्पट.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हाला लाकूड कापायचंय, की लोणावळ्याला पाठवायचंय?"

विजयमालाबाईंनी सगळं कबूल केलं. घाई केली, आणि त्या माणसाला दाखवायचंही होतं. अख्तरबानू ऐकत राहिली. मग तिने सांगितलं, की तिला हे त्याच दिवशी कळलं होतं. कोपऱ्यावरचा स्वतःच येऊन सांगून गेला, तुमच्या बोळातून निघालेलं गिऱ्हाईक आमच्याकडे आलं म्हणून.

"मग तुम्ही आमचं काम थांबवलं असेल," बाई म्हणाल्या.

"कशाला थांबवू? त्या निळ्या मोटरी पाण्याच्या पंपाच्या. मला माहीत होतं, तुम्ही येणार." तिने मागच्या फळीवर बोट दाखवलं. तिथे एक जुनी काळी मोटर होती, पण आतली तार नवी, तांबूस, वार्निशाने चकाकणारी. "उद्या वाळेल. रविवारी दुकान बंद असतं. मीच येते घेऊन. तुमच्या हातची जोडणी मला बघायचीय." निळी मोटर तिने ठेवून घेतली. पंपवाले तिच्याकडे येतच असत.

रविवारी सकाळी ती रिक्षातून उतरली तेव्हा एका हातात जेवणाचा डबा होता. डबा उघडला तर त्यात पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर. खरं जेवण पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं होतं. चहा बिनसाखरेचा हवा असं तिने दारातच सांगितलं आणि थेट शेडमध्ये गेली.

काळी मोटर अंगाने लहान, ती जुन्या जागी नीट बसली. पण ती जोडायच्या आधी अख्तरबानूने वरचं चाक हाताने फिरवलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवून मूठ कानाला लावली आणि तेल मागितलं. मग पात्याचे दात अंगठ्याने चाचपले.

"हे कधी बदललं?"

पातं बदलायचं असतं हेच बाईंना माहीत नव्हतं.

"म्हणजे निम्मा दोष ह्याचा," अख्तरबानू शांतपणे म्हणाली. "ती बिचारी अर्ध्या एचपीची मोटर वर्षभर सुरीच्या पाठीने कांदा चिरत होती."

इंजिनियरने यंत्राबरोबर एक तेलकट पुडकं दिलं होतं, ते आजवर कोणी सोडलं नव्हतं. त्यात मोठ्या दातांचं कोरं पातं निघालं. अख्तरबानूने ते लगेच चढवू दिलं नाही. आधी मोटर नुसती चालवायची, म्हणाली, पात्याशिवाय. बटण दाबलं, चाक फिरलं, आणि फिरलं ते उलटं. तोंड फिरवून बसवलेल्या निळ्या मोटरने तुकडा वर का उडवला, ते बाईंना आत्ता कळलं. अख्तरबानूने बटण बंद केलं, प्लग काढला, मोटरच्या डोक्यावरचं झाकण उघडलं, दोन तारा सोडवून त्यांची अदलाबदल केली आणि झाकण लावलं. या वेळी चाक सुलटं फिरलं, आणि आवाज असा आला, जसा दळण संपत आलेल्या गिरणीचा येतो, एकसारखा आणि समाधानी.

"इतकंच?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"इतकंच. फक्त कुठल्या दोन, ते ठाऊक पाहिजे."

मग पातं चढवलं, ताण दिला, आणि अर्ध्यात राहिलेला हत्ती पुन्हा टेबलावर आला. विजयमालाबाईंनी चष्मा नीट केला, दोन्ही हातांनी लाकूड हळूच पुढे सरकवलं. पातं पोटाच्या रेघेवरून गेलं, मागच्या पायाला वळसा घालून खाली उतरलं. मोटरचा सूर किंचित जाड झाला, पण पडला नाही. भुसा मऊ शेवयांसारखा खाली पडत होता. शेपटीपाशी एक तुकडा सुटला, आणि टेबलावर हत्ती उभा राहिला. मच्छिंद्ररावांनी टाळी वाजवली आणि एकट्यानेच वाजवली म्हणून थांबवली.

अख्तरबानू खाली वाकून हत्तीकडे बघत होती. मग तिने त्याच्या कापलेल्या अंगावरून तळवा फिरवला.

"तीस-पस्तीस वर्षं मोटरी भरतेय," ती म्हणाली. "दुकानाबाहेर गेल्या की गेल्या. कुठे जातात, काय करतात, कधी पाहिलंच नाही. जळली तरच परत भेटते."

विजयमालाबाईंनी उंटाची फळी टेबलावर ठेवली, आपण बाजूला झाल्या आणि बोटं पात्यापासून किती लांब ठेवायची ते दाखवलं. अख्तरबानू आधी नको म्हणाली. मग ओढणी मागे घट्ट खोचून पुढे आली. तिचे हात मुळात सावकाश कामाचे. उंटाची मान तिने इतकी बेताने वळवली, की विजयमालाबाईंना स्वतःचा हत्ती ओबडधोबड वाटू लागला. कुबडापाशी मात्र ती रेघेच्या बाहेर गेली आणि उंटाला जरा जास्तच कुबड आलं. ते तसंच ठेवायचं ठरलं.

ती बाराला परत जाणार होती. संध्याकाळी पाचला निघाली, तोवर तीन हत्ती आणि दोन उंट झाले होते आणि 'बाई'चं 'ताई', 'अहो'चं 'आपा' कधी झालं ते दोघींनाही कळलं नव्हतं. जाताना मच्छिंद्ररावांनी तिला मोगऱ्याची फुलं बांधून दिली.

पाडव्याला सकाळी बागेत गर्दी झाली. बत्तीस मोहरी पटावर मांडलेली होती, निम्मी काळी रंगवलेली, निम्मी लाकडाच्याच रंगाची. गोपाळकृष्ण आगाश्यांनी आधी सगळी मोजली. मग प्रत्येकापाशी थांबून वाकून पाहिलं. घोड्याच्या आयाळीपाशी ते बराच वेळ उभे राहिले.

"दोष सापडत नाही," शेवटी ते म्हणाले, आणि हे त्यांनी जरा नाराजीनेच कबूल केलं.

दोष खेळताना सापडला. पहिल्या दहा-बारा चाली प्यादी आणि घोडे हलवण्यात गेल्या. मग आगाश्यांनी हत्ती पुढे काढायचं ठरवलं आणि तो त्यांना उचलेना. चार इंच जाडीचं आंब्याचं लाकूड होतं ते, आणि हत्ती अंगाने घोड्याच्या दुप्पट. समोरच्या गृहस्थांनी मदतीला हात लावला, तर बाकीचे ओरडले की प्रतिस्पर्ध्याने मोहऱ्याला हात लावला, आता चाल त्याची. त्यावरून वीस मिनिटं वाद झाला. अखेर मच्छिंद्ररावांना पटावर बोलावण्यात आलं. खेळणारे सांगतील तिथे ते हत्ती उचलून ठेवू लागले. हळूहळू ठेवायच्या आधी ते थांबू लागले, मान हलवू लागले, आणि एकदा तर आगाश्यांना म्हणाले, "हितं ठेवतो, पण ठेवू नये असं मला वाटतं."

आगाश्यांनी ऐकलं नाही. सहा चालींनी ते हरले.

विजयमालाबाई आणि अख्तरबानू बाकावर बसून हे पाहत होत्या. अख्तरबानूला खेळातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून ती फक्त आपल्या जास्तीच्या कुबडाच्या काळ्या उंटावर लक्ष ठेवून होती. तो शेवटपर्यंत पटावर उभा राहिला, बहुधा कोणाला त्याची गरज न पडल्यामुळे. हत्तींचं काय करायचं, हे विजयमालाबाईंनी तिला विचारलं. पोटाखालून आणि पायांमधून लाकूड काढून टाकलं तर वजन निम्मं होईल, असं त्यांचं म्हणणं. अख्तरबानूने क्षणभर विचार केला. मोटर ते सहज ओढेल, म्हणाली, पण आतल्या वळणांना अरुंद पातं लागेल, ते ती येताना घेऊन येईल.

समोर आगाशे नवा डाव मांडायला सांगत होते. हरायचं कारण त्यांना मिळालं होतं. काळ्याचा उंट, ते म्हणाले, जरा डावीकडे कलतो आणि त्यामुळे लक्ष विचलित होतं.

"कललेला नाही तो," अख्तरबानू बाकावरूनच म्हणाली. "तो विचार करतोय. तुम्हीही करून बघा."

आगाश्यांनी चष्मा वर सरकवला, त्या कोण आहेत हे शेजाऱ्याला विचारलं, आणि पुढच्या डावात आपल्या बाजूने बसायची त्यांना विनंती केली.